मार्थाबाई बॅलर्ड : केनेबेक नदीकांठची सुईण

सेनापतींचीं व राजेलोकांचीं चरित्रें लिहिणारे पुष्कळ आहेत. सुईणीचें चरित्र लिहावयास सहसा कोणी बसत नाहीं. आपल्या वाडवडिलांच्या काळीं खेड्यापाड्यांतून सुईणीला मध्यरात्रीं हांक मारीत, अडल्या बाईचा जीव तिच्या हवालीं करीत, आणि पांचवी आटोपून लुगडें-खण व पायलीभर धान्य तिच्या पदरीं पडलें कीं पुढल्या बाळंतपणापर्यंत तिला विसरून जात. कित्येक घरीं तर तिनें नाळ कापलेली चालत असे, पण तिच्या हातचें पाणी चालत नसे. ज्या वाचकांनीं हें आपल्या आजीच्या तोंडून ऐकिलें असेल, त्यांस आजची हकीकत परकी वाटणार नाहीं.

ही हकीकत अमेरिकेंतील एका सुईणीची आहे. तिला मृत्यु येऊन दोनशें वर्षांहून अधिक काळ लोटला. हल्लीं मोठ्या शहरांतून प्रसूतीच्या आधीं, प्रसूतीच्या वेळीं व नंतर कांहीं दिवस मातेजवळ बसून तिला व तिच्या घरच्यांस धीर देणारी शिकलेली सोबतीण ठेवूं लागले आहेत. तिला डूला असें म्हणतात. हा मूळचा ग्रीक शब्द, दासी किंवा सेवा करणारी अशा अर्थाचा. १९७३ सालीं एका अमेरिकन विदुषीनें तो या कामास लाविला. नांव नवें आहे, काम मात्र फार जुनें. मार्थाबाई बॅलर्ड यांनीं तें जवळजवळ चौतीस वर्षें केलें, आणि दुसऱ्या कोणा सुईणीनें क्वचितच केलें असेल असें आणखी एक काम केलें, तें हें कीं रोज रात्रीं तें लिहून ठेविलें.

मार्था मूर (हें त्यांचें माहेरचें नांव) यांचा जन्म १७३५ च्या फेब्रुवारींत मॅसाचुसेट्स प्रांतांतील ऑक्सफर्ड नांवाच्या गांवीं झाला. अमेरिकेचा तो भाग त्या वेळीं इंग्लंडच्या राजाच्या ताब्यांत होता. घराण्यांत विद्या होती. एक चुलते डॉक्टर होते, आणि एक भाऊ हार्वर्ड येथें शिकून पुढें मंडळीचा पाळक झाला. मुलींस मात्र विद्यालयाचीं दारें बंद होतीं. मार्थाबाई लिहावयास शिकल्या, एवढेंच. पण त्या काळीं तेथील पुष्कळ बायकांस तेवढेंही येत नसे. त्यांच्या एका सख्ख्या बहिणीची नात म्हणजे क्लारा बार्टन, जिनें पुढें १८८१ सालीं अमेरिकेंत रेड क्रॉसची स्थापना केली.

१७५४ सालीं एफ्राइम बॅलर्ड यांच्याशीं मार्थाबाईंचें लग्न झालें. एफ्राइम हे जमिनीची मोजणी करणारे व पाण्यावर चालणाऱ्या गिरण्यांचे धनी होते. १७६९ पर्यंत या जोडप्यास सहा मुलें झालीं. त्या वर्षीं उन्हाळ्यांत ऑक्सफर्ड गांवीं घटसर्पाची सांथ आली. जून महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे तीन आठवड्यांच्या आंत, बॅलर्डांच्या घरांतून तीन लहान मुलींचीं प्रेतें निघालीं. ज्या आईनें त्यांना पुरलें ती त्या वेळीं गरोदर होती, आणि दिवस भरत आले होते. तिसरी मुलगी गेल्यावर जेमतेम महिन्यानें, ऑगस्टच्या आरंभीं, आणखी एक मुलगी जन्मली. तिचें नांव हॅना ठेविलें.

रिकाम्या झालेल्या पाळण्यांच्या घरीं बाळंत होणें म्हणजे काय, हें त्या उन्हाळ्यांत मार्थाबाईंस कळलें. पुढें ज्या शेंकडों बायकांच्या उशाशीं त्या बसल्या त्यांपैकीं कित्येकींचीं मुलें गेलेलीं होतीं. अशा बाईजवळ कोणी बसावें याविषयीं आमचें मत विचाराल तर तें उघड आहे.

१७७७ सालीं कुटुंब उत्तरेकडे केनेबेक नदीच्या कांठीं हॅलोवेल येथें राहावयास गेलें. तो मुलूख आज मेन या संस्थानांत आहे. तेव्हां तो मॅसाचुसेट्सचाच भाग होता. जंगल तोडून वसविलेली नवी वस्ती, नदीच्या दोन्ही कांठांनीं दूर दूर विखुरलेलीं लांकडी घरें, आणि मध्यें ती मोठी नदी. हिवाळ्यांत ती गोठून जाई. वसंतऋतूंत बर्फ फुटून तिला पूर येई. येथें १७७८ च्या जुलैंत मार्थाबाईंनीं एका शेजारणीचें बाळंतपण केलें. येथून त्यांच्या सुईणपणाचा आरंभ धरितात. पुढल्याच वर्षीं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, त्या स्वतः नवव्यांदा बाळंत झाल्या.

१ जानेवारी १७८५ रोजीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असतां, त्यांनीं रोजनिशी लिहावयास घेतली. कागद दुमडून घरींच शिवलेल्या वह्या, पिसाची लेखणी, घरीं केलेली शाई. शुद्धलेखनाचा पत्ता नाहीं, विरामचिन्हें जवळजवळ नाहींतच. प्रत्येक दिवशीं आधीं हवा कशी होती तें, मग आपण घरीं होतों कीं कोणाकडे, घरीं कोण आलें गेलें, मागावर किती कापड झालें, वाफ्यांत काय लाविलें. आणि बाळंतपण झालें असेल तर समासांत त्याचा अनुक्रमांक, आईबापांचें नांव, मुलगा कीं मुलगी, कोणत्या घटकेस. आणि मजुरी पोंचली म्हणजे तशी खूण. सत्तावीस वर्षें हा क्रम चालला. जवळजवळ दहा हजार दिवसांची नोंद त्यांत आहे, आणि ८१६ बाळंतपणांची.

हें बाळंतपण कसें होई तें जरा विस्तारानें सांगावयास हवें, कारण मार्थाबाईंचें सारें कसब त्यांत आहे.

वेणा सुरू झाल्या असें वाटलें कीं नवरा घोड्यावरून किंवा होडींतून सुईणीला आणावयास जाई. मार्थाबाई हातांतलें काम टाकून निघत. गेल्यावर बहुधा कांहींच घाई नसे. त्या विणकामाची सुई घेऊन बसत, बाईला हिंडवीत, गप्पा सांगत, तिच्या घरचें कामही करूं लागत. कधीं वेणा खोट्या ठरत व त्या एक-दोन दिवस तेथेंच राहून परत येत; कधीं तेथून उठतात न उठतात तोंच दुसऱ्या घरचा माणूस दारीं उभा. खरी घटका जवळ आली म्हणजे शेजारणींस बोलावणें जाई. चार-पांच बायका जमत. यांतील बहुतेक स्वतः आया झालेल्या. कोणी पाठ धरी, कोणी हात धरी, आणि बाळंतीण त्यांच्या मिठींत टेकून मूल प्रसवे. मूल झालें, वार पडली, आई व बाळ स्वच्छ होऊन निजलीं, म्हणजे सर्वजणी मिळून जेवीत. मार्थाबाई कांहीं तासांनीं किंवा दुसऱ्या सकाळीं घरीं जात. त्यांच्यानंतर एखादी दाई घरांत राही. ती आईचें व तान्ह्याचें करी, घरची चूलही पाही, आणि बाळंतीण पुन्हां स्वयंपाकघरांत उभी राहूं लागली म्हणजे आपल्या घरीं जाई. मध्येंच ताप आला, स्तनांत गांठ धरली, बाळ दूध ओढीना, तर मार्थाबाईंस पुन्हां बोलावणें.

औषधें त्यांच्या परसांतलीं. कॅमोमाइल, सेज, टॅन्सी अशा वनस्पती त्या लावीत, वाळवीत, काढे करीत, लेप करीत. पण रोजनिशी वाचणाऱ्यास दिसून येतें कीं बाळंतपणांत औषधाचा वांटा थोडा आणि बसण्याचा वांटा फार. बाळंतपण हें दुखणें नव्हे, ती वाट आहे. वाटसरूला उचलून न्यावें लागत नाहीं, सोबत लागते, अशाच रीतीनें त्या वागत. वाट खरोखर अडली तर काय करावें हें त्यांस ठाऊक होतें, आणि क्वचित् प्रसंगीं त्यांनीं डॉक्टरासही बोलाविलें आहे.

त्या वाटेवर पोंचण्याआधीं त्यांस स्वतःला ज्या वाटा तुडवाव्या लागत त्यांतील एकच सांगतों. १७८९ च्या एप्रिल महिन्यांत वादळी पावसांत त्यांस बोलावणें आलें. नदी पुरानें भरलेली. होडीनें पार होऊन त्या घोड्यावर बसल्या, तोंच समोर एक मोठें झाड मुळांसकट उन्मळून आडवें पडलें. घोडा बिचकून मागें उडाला म्हणून त्या वांचल्या. एका गृहस्थानें त्यांस त्या पडलेल्या झाडापलीकडे नेलें. थोडें पुढें गेल्या तों ओढ्यावरचा पूल वाहून गेलेला. सोबतीच्या माणसानें लगाम हातीं धरिला, स्वतः पाण्यांत उतरला, आणि बाईंसकट घोडा पलीकडे काढिला. त्या रात्रीं दहा वाजतां त्या घरीं मुलगी जन्मली. आई सुखरूप होती. मार्थाबाईंनीं रोजनिशींत आपल्या जिवाविषयीं देवाचे आभार मानिले आहेत आणि मग बाळंतपण लिहून ठेविलें आहे. त्या वेळीं त्यांचें वय चौपन्न वर्षांचें होतें.

मजुरी बहुधा सहा शिलिंग. रोख पैसा त्या वस्तींत थोडा, म्हणून कोणी लोणी देई, कोणी लोकर, कोणी चीज, मेणबत्त्या किंवा कॉफी. कोणी वर्षभरानें देई, कोणी देतच नसे. तेवढ्यासाठीं पुढल्या खेपेस त्यांनीं जाण्याचें नाकारिलें असें मात्र दिसत नाहीं. घर रिकामें ठेवून त्यांस असें रात्रंदिवस जातां येई याचें श्रेय मुलींकडे आहे. हॅना, धाकटी डॉली आणि कामास ठेविलेल्या मुली सूत कातीत, माग चालवीत, गाई पाहत. पुढें त्या मुलींचीं लग्नें झालीं तेव्हां आईची जी ओढाताण झाली ती रोजनिशींत पानोपानीं दिसते. परोपकारी माणसाच्या पाठीमागें घरांत राबणारें कोणी असतें; त्याची नोंद चरित्रकार विसरतात, म्हणून ती येथें केली.

सुईणीचें काम जन्मापाशीं संपत नसे. १७८७ च्या ऑगस्ट महिन्यांत त्या वस्तींत घशाची व पुरळाची सांथ होती. ३ तारखेपासून २४ तारखेपर्यंतच्या तीन आठवड्यांत मार्थाबाईंनीं चार बाळंतपणें केलीं, एका खोट्या वेणांच्या बोलावण्यास गेल्या, आजाऱ्यांकडे सोळा फेऱ्या घातल्या, तीन प्रेतांस पुरण्यासाठीं सिद्ध केलें, एका शेजाऱ्यास गोळ्या दिल्या, दुसऱ्यासाठीं वनस्पती खुडून औषध केलें, आणि नवऱ्याचा दुखणारा घसाही पाहिला. ज्या हातांनीं मूल घ्यावें त्याच हातांनीं दुसऱ्या दिवशीं दुसऱ्याचें मूल कफनांत गुंडाळावें, असा तो काळ होता.

आतां आंकड्यांकडे वळूं. त्या ८१६ बाळंतपणांत, मूल बाहेर येतांना एकही आई दगावली नाहीं. नंतरच्या दिवसांत पांच बायका वारल्या. मेलेलीं जन्मलेलीं मुलें चौदा. आजच्या मानानें हे आंकडे लहान नव्हेत. तरी त्याच काळांत लंडन व डब्लिनसारख्या राजधान्यांतील प्रसूतिगृहांत बाळंतिणी याच्या कितीतरी पटीनें मरत असत. त्याचें कारण पुढें कळलें. १८४७ सालीं व्हिएन्ना शहरीं सेमेलवाइस या डॉक्टरानें दाखवून दिलें कीं, प्रेतें चिरून आलेले डॉक्टर तेच हात घेऊन बाळंतिणींस तपाशीत आणि त्यामुळें त्यांस सूतिकाज्वर होई. चुन्याच्या औषधी पाण्यानें हात धुवावयास लावितांच मृत्यु एकदम कमी झाले. त्याच रुग्णालयांत ज्या भागांत सुईणी काम करीत तेथें आधींपासूनच मृत्यु थोडे होते. मार्थाबाईंसही जंतूंचें ज्ञान नव्हतें. त्याही प्रेतें धूत, म्हणून त्यांचें यश निव्वळ स्वच्छतेचें होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. पण त्यांच्याकडे एका वेळीं एकच बाळंतीण असे, ती आपल्या घरीं आपल्या अंथरुणावर असे, आणि विनाकारण तिच्या अंगाला हात लावण्याची त्यांस संवय नव्हती. ताप एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जावयास दुसरी खाटच नव्हती.

१७९० नंतर त्या गांवीं एक तरुण डॉक्टर येऊन राहिला आणि बाळंतपणेंही करूं लागला. पहिलटकरणीच्या एका प्रसंगीं घरची मंडळी घाबरली व त्यांनीं त्याला बोलाविलें. वेणा नीट चालू होत्या, तरी त्यानें अफूच्या अर्काचे वीस थेंब दिले. बाईला गुंगी आली आणि वेणा थांबल्या. संध्याकाळ होत आली तेव्हां तिला ओकारी होऊन वेणा परत आल्या, आणि सात वाजतां तिला मुलगा झाला. मार्थाबाईंनीं हें सर्व लिहिलें आहे, त्या डॉक्टराच्या नांवासकट. वाचतांना त्यांचा राग कळतो. आम्ही डॉक्टरांच्या विरुद्ध नाहीं. आजच्या काळीं अडलेल्या बाईस रुग्णालयांत न नेणें हें पापच आहे, आणि आपल्या गांवीं कोणी त्यास आड येत असेल तर उपदेशकानें त्याला गप्प बसवावें. पण त्या डॉक्टरास एक गोष्ट येत नव्हती: वाट पाहणें. २०१८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें प्रसूतीच्या वेळीं प्रत्येक बाईजवळ तिच्या पसंतीचें एक माणूस सतत असावें अशी शिफारस केली. ज्यांच्याजवळ असें माणूस असतें त्यांच्या वेणा कमी लांबतात व त्या शस्त्रावांचून अधिक बाळंत होतात, असें पुष्कळ देशांतील प्रयोगांवरून ठरलें आहे. हॅलोवेलच्या शेजारणींस हें कोणी सांगावें लागलें नव्हतें.

मार्थाबाईंच्या आयुष्यांतील जो प्रसंग आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लावितो तो १७९१ चा आहे. त्या प्रांताचा कायदा असा होता कीं, अविवाहित स्त्री बाळंत होत असतां सुईणीनें ऐन वेणांच्या वेळीं तिला मुलाच्या बापाचें नांव विचारावें. त्या घटकेस मनुष्य मरणाच्या दारीं उभें असतें, तेव्हां तें खोटें बोलत नाहीं, अशी समजूत होती. तिनें घेतलेलें नांव न्यायसभेंत पुराव्यादाखल चाले, आणि त्या पुरुषास मुलाच्या पोषणाचा खर्च द्यावा लागे. वेणा देणाऱ्या बाईस असें विचारणें आम्हांस निष्ठुर वाटतें. परंतु त्या एका उत्तरामुळें कित्येक टाकलेल्या मुलींच्या व त्यांच्या बाळांच्या पोटाची सोय होई, हेंही खरें. अशीं वीसएक बाळंतपणें मार्थाबाईंच्या रोजनिशींत आहेत. त्या मुलींकडे त्या इतर बायकांकडे जात तशाच गेल्या आहेत. एकीकडे कमी वेळ बसल्या, दुसरीकडे जास्त, असें दिसत नाहीं.

त्या वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत सॅली पिअर्स नांवाच्या मुलीकडून बोलावणें आलें. मार्थाबाई गेल्या. वेळ आली तेव्हां त्यांनीं तिला तो प्रश्न विचारिला. सॅलीनें नांव सांगितलें तें जोनाथनचें, म्हणजे मार्थाबाईंच्या स्वतःच्या मुलाचें; १७६९ च्या सांथींतून जीं तीन भावंडें वांचलीं त्यांपैकीं हा एक.

प्रश्न विचारणाऱ्या त्याच, लिहिणाऱ्या त्याच, आणि साक्ष द्यावयाची वेळ आली असती तर देणाऱ्याही त्याच. त्यांनीं न विचारितां वेळ टाळिली असती, किंवा ऐकलें न ऐकलें केलें असतें, तर त्या खोलींतील वेणा देणाऱ्या मुलीचा शब्द कोणी मानिला असता? त्यांनीं घरीं येऊन इतर मुलींच्या बाबतींत लिहीत तशाच साध्या शब्दांत लिहिलें कीं, सॅलीला मुलगा झाला व माझा मुलगा जोनाथन हा त्याचा बाप असें तिनें सांगितलें. आपल्याला काय वाटलें तें लिहिलें नाहीं. पुढल्या फेब्रुवारींत जोनाथननें सॅलीशीं लग्न केलें आणि मार्थाबाईंनीं सुनेला व नातवाला घरांत घेतलें. आपल्या मंडळ्यांतून असे प्रसंग घडत नाहींत असें कोणी म्हणूं नये. ते घडतात, आणि बहुधा आईबाप मुलाच्या बाजूला व गांव मुलाच्या बापाच्या बाजूला उभा राहतो. मुलीच्या उशाशीं कोणी नसतें.

या सचोटीचें फळ म्हणून त्यांचें म्हातारपण सुखांत गेलें, असें लिहितां आलें असतें तर बरें झालें असतें. तसें झालें नाहीं. एफ्राइम यांनीं सारा वसूल करण्याचें काम पत्करिलें होतें. लोकांकडून वसूल झाला नाहीं, ती रक्कम त्यांच्या अंगावर आली, आणि १८०४ च्या जानेवारींत ऐंशीच्या घरांत आलेल्या त्या म्हाताऱ्यास कर्जासाठीं तुरुंगांत घातलें. तेथें ते वर्षाहून अधिक काळ होते. घरीं मार्थाबाई एकट्या. सरपणाची तूट, स्वतःची प्रकृति खालावलेली. मग जोनाथन व सॅली मुलाबाळांसह त्याच घरांत राहावयास आलीं आणि सासूच्या वांट्यास एक खोली उरली. जोनाथन तापट होता. सुनेचेंही सासूशीं पटेना. ज्या सॅलीचा शब्द त्यांनीं जतन केला तिच्याकडून झालेला त्रासही त्याच रोजनिशींत त्यांनीं लिहिला आहे. एफ्राइम सुटून आले, घर हळूहळू पूर्ववत् झालें, आणि मार्थाबाई पुन्हां बाळंतिणींकडे जाऊं लागल्या. सत्तरी उलटली तरी बोलावणीं येतच होतीं.

१८१२ हें वर्ष आमच्या वाचकांस दुसऱ्या एका कारणानें ठाऊक असेल. त्या वर्षीं फेब्रुवारींत, मार्थाबाईंच्या मंडळीसारख्याच मंडळ्यांनीं स्थापिलेल्या अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी गलबतांत बसून हिंदुस्थानाकडे निघाले. त्यांपैकीं गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्यें मुंबईस उतरले, आणि मराठी मुलखांतील मिशनचें काम सुरू झालें. ते समुद्रावर असतां, २६ एप्रिल १८१२ रोजीं, सत्त्याहत्तर वर्षांच्या मार्थाबाईंनीं आपलें शेवटचें बाळंतपण केलें. ७ मे रोजीं त्यांनीं रोजनिशींत शेवटचे शब्द लिहिले: सून मुलांना घेऊन आली होती, दोन शेजारणी आल्या होत्या, आणि पाळकसाहेब येऊन गोड बोलले व त्यांच्या स्थितीस साजेशी प्रार्थना करून गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या वारल्या. जूनमध्यें तेथील वर्तमानपत्रांत एक ओळ छापून आली. एफ्राइम बॅलर्ड यांची पत्नी, वय ७७, एवढेंच तींत होतें. त्या सुईण होत्या हें सुद्धां छापलेलें नव्हतें.

वह्या धाकट्या मुलीकडे, डॉलीकडे, गेल्या. डॉलीच्या मुलींनीं त्या जपून ठेविल्या, आणि १८८४ सालीं घराण्यांतील एका तरुण मुलीच्या स्वाधीन केल्या. ही मेरी होबार्ट, मार्थाबाईंची खापरपणती. तिनें त्याच वर्षीं वैद्यकीची पदवी घेतली होती, आणि पुढें ती बोस्टन शहरीं प्रसूतीचेंच काम करूं लागली. त्याच वर्षीं तिकडे फिलाडेल्फियांत आपली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकत होती. १८८६ सालीं पदवी घेतांना तिनें जो प्रबंध लिहिला तोही हिंदु लोकांतील प्रसूतिविद्येवरचाच होता. त्या दोघींची भेट झाली असती तर पणजीच्या आईच्या त्या वह्या आनंदीबाईंनीं मोठ्या आवडीनें चाळल्या असत्या, यांत आम्हांस संशय नाहीं.

१९३० सालीं मेरी होबार्ट यांनीं त्या वह्या मेन संस्थानच्या सरकारी ग्रंथालयास दिल्या. विद्वान् लोक येत, पानें उलटीत, आणि सूत, शेंगा, बाळंतपणें यांखेरीज यांत कांहीं नाहीं असें म्हणून जात. शेवटीं लॉरेल थॅचर उलरिख या इतिहासकार बाईंनीं वर्षानुवर्षें खपून ओळ न् ओळ वाचिली, बाळंतपणें मोजिलीं, गांवच्या इतर कागदपत्रांशीं ताडून पाहिलीं, आणि १९९० सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. पुढल्या वर्षीं त्यास इतिहासाचें पुलित्झर पारितोषिक मिळालें. हॅलोवेलचा जो भाग १७९७ सालीं निराळा होऊन ऑगस्टा या नांवाचें गांव झाला, आणि जेथें मार्थाबाईंनीं प्राण सोडिला, तेंच आज मेन संस्थानची राजधानी आहे. ग्रंथालय तेथेंच आहे, आणि वह्याही तेथेंच आहेत.